अडकलेली पट्टी

कारखान्यात जन्मभर लेथ चालवून फोरमनने दोन गोष्टी घरी आणल्या. एक हे टोपणनाव, दुसरा बहिरेपणा. कानाला यंत्र होतं, पण त्याचा आवाज जुळवणारं ॲप जुन्या फोनवर चालेनासं झालं आणि यंत्र नुसतं खरखरू लागलं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, नवा फोन घ्या.

"धडधाकट मशीन भंगारात घालायचं नाही, असं कोण म्हणत आलंय?" बायकोने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

वाक्य त्याचंच होतं.

बायको त्याच कारखान्यातली टेलिफोन ऑपरेटर. तारा आणि ताटकळणं, दोन्ही तिच्या सवयीचं. तिने वाचून वाचून सगळं पाठ केलं. फोनचं आतलं कुलूप उघडायचं, कंपनीची सिस्टीम पुसायची आणि हौशी लोकांनी याच मॉडेलसाठी बनवलेली नवी चढवायची. फोटो, नंबर तिने आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतले. मध्येच फोनला लॅपटॉपशी जोडणारी केबल सुटली तर मात्र फोनचा दगड होणार, आणि फोरमनच्या कानाचाही.

या घरातला पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी, सगळं आजवर फोरमननेच उघडलेलं. बायकोच्या हाती त्याने कधी साधा पान्हा लागू दिला नव्हता. आज त्याच्या वाट्याला आलं होतं शेजारी बसून बघणं.

काम किती झालं ते दाखवणारी पट्टी लॅपटॉपच्या पडद्यावर सरकू लागली. सरकत सरकत अर्ध्याच्या जरा अलीकडे आली आणि थांबली. हलेचना.

लेथवरचा नियम फोरमनच्या अंगात भिनलेला: मशीन अडलं की आधी वीज तोडायची, विचार मागाहून. त्याची दहाही बोटं शाबूत होती ती याच नियमाने. त्याचा हात केबलकडे गेला.

"अहो, नको!" बायको किंचाळली.

किंचाळून काय उपयोग? फोरमनचा हात केबलपाशी पोचलासुद्धा. तिने फाडकन चापट मारली आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं. पट्टी इथे रेंगाळते, हे तिने वाचलं होतं. तरी तिची बोटं त्याच्या मनगटात रुतत होती. एवढी घाबरलेली असूनही ती ढळली नाही. धीराची बाई आहे, त्याला वाटलं. आपण इतकी वर्षं पान्हे कुणापासून लपवले?

अखेर पट्टी टोकाला गेली. फोन बंद झाला, बराच वेळ नव्या चिन्हावर घुटमळला आणि उघडला. तिने ॲप घातलं, कानाचं यंत्र जोडलं, बोटाने आवाज जुळवला. खरखर विरली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, हे फोरमनला आज कळलं.

"जमलं बाई मला," बायको स्वतःशीच पुटपुटली.

त्याने अक्षर न् अक्षर ऐकलं. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटावं.

"काय म्हणालीस?"

"जमलं म्हटलं!"

"ऐकू येत नाही बुवा," म्हणत तो उठला, जिन्याकडचं दार सताड उघडून आला. "हं, आता सांग. मोठ्याने."

तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं.

"मी केलं!" ती जिना दणाणेल अशी ओरडली. "माझं मी केलं!"

वरच्या मजल्यावरचे शेजारी कठड्यावरून वाकले.

"ऐकलंत ना?" फोरमन त्यांना म्हणाला. "मीही ऐकलं."