वळणावरची टकटक

"डावीकडं वळवा," मागच्या सीटवरून नर्मदाबाई म्हणाल्या. "आता आयका."

भिवाजी मिस्त्रीने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. उजव्या चाकातून आवाज आला. टक टक. टक टक.

"माझा इश्वंभर हाय त्यो," नर्मदाबाई समाधानाने म्हणाल्या. "दारावर असाच दोनदा ठोकायचा. सरळ रस्त्याला गप ऱ्हातो, हितं वळलं का बोलतो."

भर दुपारी भिवाजीच्या अंगावर काटा आला. याच वळणावर, याच गाडीत, हळद विकून येताना नर्मदाबाईंचा थोरला मुलगा विश्वंभर कडुनिंबावर आदळून गेला होता. मोडलेला एक्सल बदलून गाडी धाकट्या शिवशंकरच्या हाती दिली ती भिवाजीनेच. आपल्या हातचं काम परत येत नाही, अशी शेखी तो कुरुंदा गावच्या चहाच्या टपरीवर रोज मिरवायचा. आता काम परत आलं होतं, आणि तेही मेलेल्या माणसाला सोबत घेऊन.

गॅरेजात गाडी जॅकवर चढली. चाक काढून भिवाजी खाली वाकला. एक्सलच्या टोकाचा सांधा झाकणारा रबरी बूट फाटला होता. आतलं ग्रीस उडून धूळ शिरली होती. नवा बूट इतक्यात फाटतोच कसा? त्याने आत हात घातला. एक्सलच्या दांड्याला काळा दोरा होता आणि त्यात ओवलेला बिब्बा.

"ह्यो कोनं बांधला?"

सोबत आलेल्या शिवशंकरने आईकडे पाहिलं.

"म्या," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुमी हात धुवाया गेलते तवा. एक लेकरू नेलं ह्या गाडीनं. दुसऱ्याला नजर नको लागाया."

दुसरं कुणी असतं तर भिवाजीने त्याचा उद्धारच केला असता. "माय, बिब्बा घासून घासून रबर फाटलं. सांधा कोरडा पडला, त्योच वाजून राहिला. दुसरं काही न्हाई."

"मंग वाजू द्या की! तुमाला काय तकलीफ हाय? बदलू नका."

"आई, काहून असं करतीस?" शिवशंकर रडवेला झाला.

भिवाजीला नर्मदाबाईंची फार दया आली. पण सांगणं भाग होतं. "न्हाई बदललं तर एक दिवस वळणावरच तुटंल, माय. आन गाडीत शिवशंकर असंल."

नर्मदाबाई डोक्यावर पदर ओढून म्हणाल्या, "बदला."

ऊन कलल्यावर तिघं पुन्हा त्या वळणावर आले. भिवाजीने स्टेअरिंग फिरवलं. काहीच वाजलं नाही.

"पुन्यांदा वळवा."

त्याने पुन्हा वळवलं. मग कुणी न सांगताच आणखी एकदा. आपलेही कान टवकारलेले आहेत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि काम चोख झाल्याचं त्याला जन्मात पहिल्यांदा वाईट वाटलं.

कडुनिंबाखाली गाडी थांबली. नर्मदाबाई उतरून पुढे आल्या. गाडी चालवताना विश्वंभर ज्या दाराशी बसायचा त्या दाराच्या काचेवर त्यांनी बाहेरून दोनदा ठोकलं. आत बसलेल्या भिवाजीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग त्यांनी काचेला कान लावला.

त्यांना नीट ऐकू यावं म्हणून भिवाजीने इंजिन बंद केलं.