रेहलीवर कादंबरी

मी एक रेहल बोलतेय. किताब ठेवून वाचायची, कातरीसारखी उघडणारी लाकडी बैठक असते ना, तीच मी. माझ्यावर कुराण ठेवतात, म्हणून माझा मान मोठा. खरं सांगायचं तर मला त्या मानाचा थोडा ताठाही होता. तो लातूरच्या एका दवाखान्यात कसा उतरला, ते ऐका.

माझा जन्म भूकंपानंतरचा. नांदेडचे नजीरभाई सुतार तेव्हा किल्लारीकडे पत्र्याच्या शेडांना दारं बसवायला गेले होते. पडलेल्या घरांची लाकडं तिथल्या माणसांना पुन्हा डोक्यावर नको होती. "घेऊन जा चाचा, नजरंसमोर नको," म्हणत एकानं सागवानी तुळईचा तुकडा त्यांच्या हवाली केला. नजीरभाईंनी एकाच फळीतून मला कोरलं. खिळा नाही, सरस नाही. त्यांच्या बायकोनं, सुलतानबीनं, मला घरातल्या सगळ्यात उंच फळीवर जागा दिली. कुणालाही नकोसं झालेलं लाकूड मी, मला आणखी काय हवं होतं?

चारेक वर्षांनी सुलतानबी लातूरला मुलीकडे गेल्या आणि रिक्षातून उतरताना पडल्या. मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून त्यांना खाटेवर निजवलं. नजीरभाई नांदेडहून मला घेऊन आले. म्हणाले, "घरची एक तरी चीज जवळ असू दे." कुराण मात्र घरीच राहिलं, कारण वॉर्डात पाकी, म्हणजे शुद्धता, राखणं जमणारं नव्हतं. मी रिकामीच उभी.

शेजारच्या खाटेवर सिंधू होती, जळकोट तालुक्यातल्या एका खेड्याची. गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, म्हणून नवऱ्यानं, श्रीमंतनं, तिचा अर्ज भरला. अर्ज भरून परतताना मोटारसायकल घसरली. श्रीमंतला खरचटलंही नाही, हिचे मात्र दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. घास दुसऱ्यानं भरवायचा, केस दुसऱ्यानं विंचरायचे. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून रडायची.

"हात बरे होतील की गं," सुलतानबी म्हणाल्या. त्यांना ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"हाताचं न्हाई ओ खाला. गावानं बिनविरोध ठरवलंय. सरपंच मीच होणार, आन् कारभार हे बघणार. मला कुणी इचारलंबी न्हाई. शेवट ठरलेलाच हाय. मग माझं काय उरलं त्यात?"

कुणाचं रडणं नुसतं ऐकत बसायचा सुलतानबींचा स्वभाव नव्हता. खाटेजवळच्या कपाटात आधीच्या कुणा पेशंटनं विसरलेली एक मराठी कादंबरी होती. "तुला वाचता येतं?"

"सातवी झालीय. पर धरू कशानं?"

"मला हात हायत. वाचता फक्त उर्दू येतं. तुला डोळे हायत. ये इकडं."

सिंधू स्टुलावर येऊन बसली. आणि सुलतानबींनी मला उघडून माझ्यावर ती कादंबरी ठेवली! माझा जीव नुसता चडफडला. पुढं तर कहरच झाला. उर्दूची किताब उजवीकडून उघडते, त्या सवयीनं बाईंनी कादंबरी मागूनच उघडली. सिंधूनं पहिलं म्हणून शेवटचं पान वाचलं. घराबाहेर कधी पाऊल न टाकलेली एक बाई एकटीच स्टेशनावर उतरते, टांगेवाल्याला स्वतः पत्ता सांगते, आणि 'समाप्त'.

"अय्यो, शेवटच वाचला की!" सिंधू हसली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग बंद करायची?"

"छे! घराबाहेर पाऊल न टाकणारी बाई एकटी कशी आली, ते कळाया नको?"

दोघींनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सिंधू वाचायची, पान संपलं की मान हलवायची. सुलतानबी पान उलटायच्या, तेही आधी हटकून चुकीच्या बाजूला. कादंबरी संपली तशी दुसरी आली. मग सिंधूनं पेपर मागवला. सुरुवातीला तिला त्यातलं राजकारण नकोसं वाटायचं, पण जिल्हा परिषदेत कोण कुणावर रुसलंय, हे सुलतानबींनी सासू-सुनांच्या भांडणासारखं उलगडून सांगितलं आणि तिला त्यातही गोडी लागली. खिडकीतून कोचिंग क्लासच्या पाट्या वाढताना दिसत आणि इकडं या दोघींचा क्लास चाले.

नजीरभाईंनी एकदा माझ्यावर पेपर पाहिला. "मी काय अखबारासाठी बनवली होती ही?"

"लोकांच्या भल्याबुऱ्याचं हाय त्यात. घरी गेलं की पुसून कुराणशरीफ ठेवू," सुलतानबी म्हणाल्या. नजीरभाई मिशीत हसले. ज्यानं मला घडवलं त्याचीच हरकत नाही म्हटल्यावर मी कशाला फुगून बसू? आणि मला आता पुढचं ऐकायची घाई असायची, हेही खरं.

एक गंमत व्हायची. मला पाहिलं की लोकांना वाटे, इथं धर्माचं वाचन चाललंय. झाडूवाली मावशी झाडू थांबवून पलीकडे जायची, सिस्टर इंजेक्शन घेऊन मागं फिरायची. कुणीही मध्ये बोलायचं नाही.

त्या दिवशी श्रीमंत गावातल्या जाणत्या माणिकप्पांना घेऊन आला. समोर मी दिसताच दोघांनी चपला काढल्या आणि हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. सिंधू वाचत होती, "ग्रामसभेचं अध्यक्षस्थान सरपंचानं स्वतः घ्यायचं असतं..."

माणिकप्पांनी भक्तिभावानं मान डोलावली. श्रीमंतनं एक डोळा उघडला.

"हे काय वाचायलीस?"

"पेपर. थांबा, एवढं पान होऊ द्या."

तो चक्क थांबला. पान संपलं तेव्हा म्हणाला, "बरं, झालीस सरपंच. बिनविरोध. आता तू काय बी काळजी करू नको, सगळं मी बघतो."

सिंधूचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ही पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. पण ती स्टुलावरच त्याच्याकडे वळली.

"शेवट तुमी ठरवला, ठीक हाय. पर तिथवर कसं जायाचं ते मी ठरवणार. ग्रामसभेत मीच बसणार आन् मीच बोलणार."

माणिकप्पा आढ्याकडे बघू लागले. श्रीमंतचे कान लाल झाले. "मग मी काय करू?"

"तू पान उलट," सुलतानबी म्हणाल्या. "हात तिचे प्लास्टरमध्ये हायत. अक्कल न्हाई."

वॉर्डात खसखस पिकली. श्रीमंत दुसरं स्टूल ओढून बसला आणि त्यानं पान उलटलं. बरोबर बाजूला. त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

घरी जाताना सुलतानबींनी मला सिंधूच्या हवाली केलं. "आमचे हे दुसरी बनवतील." सिंधूनं सरपंचकी केली, चुकत-माकत, पण स्वतःच्या तोंडानं बोलून. पुढं तिची मुलगी तनुजा लातूरला क्लासला आली, तेव्हा खोलीवर मीही गेले. दोन वर्षं जाडजूड गाइडं पेलली. तक्रार नाही, पण मुलांनो, त्या गाइडांच्या मध्ये अधूनमधून एखादी गोष्टही ठेवत जा. माझंही मन रमेल आणि तुमचंही.

आता मी जुनी झालेय, एक पाय किंचित डुगडुगतो. मी सुखात आहे. दर ईदनंतर सिंधू मला पिशवीत घालून नांदेडला नेते आणि एखादी नवी कादंबरी वाचून दाखवते. सुलतानबींना फारसं दिसत नाही. सिंधूचे हात कधीच बरे झालेत, पण ती ते मांडीवर गप्प ठेवते. पान संपलं की मान हलवायची सवय मात्र सुटलेली नाही. सुलतानबींना हललेली मान दिसत नाही, म्हणून ती हळूच म्हणते, "खाला, झालं."

आणि सुलतानबी पान उलटतात, आधी चुकीच्या बाजूला.