आधी कोणाला उठवायचं

सर्व्हरच्या जाळीत अडकलेली झेंडूची पाकळी दर्शनाने चिमटीने ओढून काढली आणि आत आणखी काही गेलंय का ते पाहायला मोबाइलचा टॉर्च लावला. जाळीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. कुणीतरी अगदी मनापासून, एकाही यंत्राला न वगळता कुंकू लावलं होतं. अक्षताही वाहिल्या होत्या आणि त्यातले काही दाणे थेट पंख्याच्या पात्यांपाशी जाऊन बसले होते. यंत्रांवरचे दिवे लुकलुकत होते, पंखे फिरत होते, पण बाहेरच्या एकाही टेबलावरचा संगणक काही दाखवायला तयार नव्हता.

"बंद कुणी केलं होतं?" तिने विचारलं.

निलेश तिच्या मागेच उभा होता. "वहिनींनी सांगितलं."

"आणि बटण कुणी दाबलं?"

"मी, ताई."

वहिनी म्हणजे मृणालिनीबाई, चिंतामणी सबनिसांच्या पत्नी. सबनिसांची पॅथॉलॉजी लॅब फणसवाडीतल्या एका खोलीत सुरू झाली होती. आता गिरगावपासून दादरपर्यंत त्यांची रक्त घेण्याची केंद्रं होती आणि या सगळ्यांचं मुख्य ऑफिस लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात होतं. सबनिसांच्या वडिलांचा छापखाना होता. खंडेनवमीला यंत्र पुसून, पूजा करून बंद ठेवायचं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नारळ फोडून सुरू करायचं, ही त्या छापखान्याची रीत. छापखाना गेला, रीत तेवढी लॅबमध्ये आली.

दर्शनाने या रीतीवर आपल्यापुरता तोडगा काढला होता. खंडेनवमीला ती सर्व्हरच्या कपाटावर स्वच्छ धुतलेली चादर घाली, खोलीतला दिवा मालवी आणि "झोपली यंत्रं" म्हणून सांगे. चादरीआड ती बिचारी निमूटपणे चालूच असत. वहिनी चादरीला हार घालत, पेढे वाटले जात. देवाची फसवणूक म्हणा हवं तर, पण ती दरवर्षी बिनबोभाट पार पडे. यंदा खंडेनवमीला दर्शना ऑफिसात नव्हती. तिने यायचं नाही, असं खुद्द सरांनीच ठरवलं होतं. एक दिवस तिच्यावाचून सगळं सुरळीत चालतं का, ते त्यांना पाहायचं होतं. वहिनींनी पूजेसाठी निलेशने घातलेली चादर उचलली, खाली हिरवे दिवे लुकलुकताना पाहिले आणि म्हणाल्या, ही तर चालू आहेत.

मग मेन स्विच बंद झाला. दुपारनंतर सुट्टीच होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. आज सकाळी मुहूर्तावर नारळ फुटला, स्विच चालू झाला आणि त्यानंतर जे अडलं ते अडलं. परळच्या एका हॉस्पिटलात एका बाईंचं ऑपरेशन त्यांच्या रिपोर्टवाचून खोळंबलं होतं. रक्त तपासून झालं होतं, आकडेही आत नोंदलेले होते. ते बाहेर तेवढे काढता येत नव्हते.

दारात सबनीस सर उभे होते. रेशमी सदरा, कपाळावर गंध, हातात आपट्याची पानं. या गोंधळातही त्यांनी दर्शनाच्या हातात पान ठेवलं.

"सोनं घ्या, दर्शना. सणाच्या दिवशी तुम्हाला धावायला लावलं, वाईट वाटतं मला."

आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. हाच तर घोळ होता. माणूस दुष्ट असता तर दर्शना केव्हाच सुटली असती.

काही वर्षांपूर्वी लॅबचा सगळा कारभार एका परदेशी कंपनीच्या भाड्याच्या क्लाउडवर होता. भाडं दरवर्षी वाढायचं आणि बाहेर पडू म्हटलं तर आपलीच माहिती परत न्यायला वेगळे पैसे पडायचे. सर त्या बिलांकडे बघून हताश व्हायचे. तेव्हा दर्शना त्यांच्यासमोर जाऊन बसली होती. आपली यंत्रं आपल्याच खोलीत ठेवू, म्हणाली, आणि त्यांच्यावर ओपन सोर्सचं सॉफ्टवेअर घालू. त्याला कुणी मालक नाही. ते कसं बांधलंय ते सगळ्या जगाला उघड्यावर दिसतं. कुणी आपल्याला कुलूप लावून किल्ली खिशात घालू शकणार नाही.

"म्हणजे आपण कुणाचे मिंधे नाही," सर म्हणाले होते. किती खूश झाले होते.

तिने ते करून दाखवलं. रात्री जागून, जगभरच्या अनोळखी माणसांना प्रश्न विचारून, चुकून, निस्तरून. बातमी फिरली आणि मग दुसऱ्या धंद्यातली माणसंही यायला लागली. कुणाची औषधांची वखार, कुणाची शिकवण्यांची साखळी. सर त्यांना या काचेच्या खोलीपाशी आणून अभिमानाने दाखवत आणि दर्शना त्यांना समजावून सांगे. एक गोष्ट मात्र ती त्यांना कधी सांगत नसे, कारण ती तिला स्वतःलाच फार उशिरा कळली. मालक नसलेल्या वस्तूचं काही बिघडलं की फोन करायला कुणी नसतं. मग सगळे फोन दर्शनाला येतात. परदेशी कंपनी गेली आणि तिच्या जागी लालबागच्या चाळीत राहणारी एक बाई आली, एवढाच काय तो फरक.

जूनमध्ये तिचा नवरा जयवंत कुडाळला गेला. तिथे त्याला कॉलेजात नोकरी लागली होती. सासूबाईही गेल्या आणि लेकीचं, मनूचं, नाव तिथल्याच शाळेत घातलं. दर्शना पाठोपाठ जाणार होती. तिने राजीनामा दिला तेव्हा सरांनी तो वाचून तिच्याकडे मायेनं बघितलं होतं.

"जा ना. खुशाल जा. लेकरापासून आईला कोण अडवेल? फक्त निलेशला तेवढं तयार करा."

गणपतीपर्यंत तयार होईल, असं ठरलं. मग दसऱ्यापर्यंत. निलेश हुशार पोरगा, दोन वर्षं तिच्या हाताखाली होता, पण ऐन वेळी तो हमखास अडखळे. रविवारी शिकवलेलं सोमवारी विसरे. "ताई, तुम्हीच बघा ना एकदा," म्हणे. दर्शनाला वाटे, आपल्यालाच शिकवता येत नाही.

पहिल्या महिन्यात मनू रोज फोनवर विचारायची, आई, तू कधी येतेस? नंतर दिवसाआड विचारू लागली. परवा मनू फोनवर आलीच नाही, अंगणात खेळत होती. सासूबाईंनी फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चेडवान तुझा नाव काढूचा सोडल्यान गो." दर्शनाने फोन ठेवला आणि ती चाळीतल्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बराच वेळ रडली. मुलगी चिडली असती, भांडली असती तर चाललं असतं. ती सवय करून घेत होती आणि त्याची दर्शनाला भीती वाटत होती.

"निलेश," ती आता म्हणाली, "तू बस. तूच करायचं."

निलेशने एकदा सरांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली.

अडचण कुठे होती ते दर्शनाला आल्याआल्याच कळलं होतं. लॅबच्या सगळ्या नोंदी तीन यंत्रांवर सारख्याच ठेवलेल्या असतात, म्हणजे एक पडलं तरी दोघं सांभाळून घेतात. पण तिन्ही एकदम बंद पडली तर पंचाईत होते. पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो, पुढे कुणी होत नाही. अशा वेळी माणसाने मध्ये पडायचं. तिघांपैकी कोणाकडे सगळ्यात शेवटची नोंद आहे ते पाहायचं आणि त्याला आधी उठवायचं. बाकीचे दोघं मग त्याचं ऐकतात. चुकीच्याला आधी उठवलं तर शेवटच्या नोंदी पुसल्या जातात. त्या ऑपरेशनवाल्या बाईंचे आकडे त्यातच होते.

हे तिने निलेशला गणपतीआधी एकदा शिकवलं होतं. एकदाच.

ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. काही बोलायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. निलेशने तिन्ही यंत्रं पडद्यावर शेजारी शेजारी उघडली आणि त्यांच्या शेवटच्या नोंदींचे आकडे काढले. न विचारता, न अडखळता. त्याची नजर तिन्ही आकड्यांवरून फिरली आणि मधल्यावर थांबली. बरोबर. त्याने मधल्या यंत्राचं नाव टाइप केलं. बरोबर. तिच्या डोळ्यांपुढे कुडाळचं अंगण आलं.

मग निलेशने ते नाव एकेक अक्षर करत खोडलं. त्या जागी पहिल्या यंत्राचं नाव लिहिलं. एंटरवर बोट नेलं, पण दाबलं नाही. मान वळवून तो म्हणाला, "ताई, हे बरोबर आहे का? मला नाही कळत आहे."

दारातून सरांचा उसासा ऐकू आला.

दर्शनाने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे. ती अजूनही एंटरच्या वर, अधांतरी होती.

"सर," ती म्हणाली, "हॉस्पिटलला सांगता का, थोड्या वेळात देतो म्हणून? तुम्ही बोललात तर ते थांबतील."

सर लगबगीने बाहेर गेले. तिने काचेचं दार लोटलं.

"तुला येतं," ती म्हणाली.

निलेशने मान पडद्याकडे वळवली.

"रविवारचंही येत होतं. सगळंच येतं तुला."

"येतं ना," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"ताई, मी तुम्हाला दोन वर्षं बघतोय. चाळीत आरती चालू होती आणि तुम्ही जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या. कुडाळला गेलात तर दुसऱ्या दिवशी रिटर्न. मला येतं असं सरांना एकदा कळलं ना, की खेळ खल्लास. मग मी पण इथेच, या खोलीत."

"मग नाही म्हणून सांग त्यांना. सोड नोकरी."

"तुम्ही सांगितलंत?" त्याने आता तिच्याकडे पाहिलं. "बाबा सरांच्या परळच्या सेंटरवर बसतात. गिरणी गेल्यापासून त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. सरांनी दिली. रोज इस्त्रीचा शर्ट घालून जातात. मी सरांच्या तोंडावर काय सांगू?"

दर्शनाला त्याचा राग यायला हवा होता. जूनपासून तिचे सगळे महिने याने खाल्ले होते, साळसूद चेहऱ्याने, ताई ताई करत. राग आलाही, चांगला कानशिलांपर्यंत आला. पण तो बोलत होता त्यातला शब्द न् शब्द तिचाच होता. फक्त तिने तो कधी मोठ्याने उच्चारला नव्हता.

"थोडे दिवस, ताई," तो हळू म्हणाला. "तुम्ही आहात तोवर मी दुसरीकडे बघतो काहीतरी. मग बाबांना पण समजावतो. तोवर सांगू नका ना. प्लीज."

"आणि मी?"

त्याने एंटरवरचं बोट काढून मांडीवर ठेवलं.

काचेबाहेर सर फोन ठेवून परत येताना दिसले. वाटेत त्यांना वहिनी भेटल्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या. सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी समजावलं, आणि मग ते दार उघडून आत आले.

"थांबतायत ते," ते म्हणाले. "पण फार वेळ नाही. दर्शना, खरं सांगा, तुम्ही म्हणाल तसं करू. निलेशला जमेल का हे? नसेल जमत तर मी दुसरा माणूस शोधतो, वेळ लागेल, पण शोधतो. तुम्ही तोवर..." वाक्य पुरं करायला त्यांना संकोच वाटला.

निलेश पडद्याकडे बघत होता. त्याची मान ताठ होती.

दर्शनाला "नाही जमणार" म्हणता आलं असतं. त्याच्याएवढं वय तिचंही एके काळी होतं, आणि तेव्हा कुणीतरी "हिला येतं" एवढे दोन शब्द गिळले असते तर तिचंही बरं झालं असतं. हे सगळं तिला कळत होतं. मनू अंगणात खेळते आहे, हेही कळत होतं.

"त्याला येतं, सर," ती म्हणाली. "माझ्याइतकंच येतं. मी पाहिलं आत्ता."

सरांचा चेहरा असा काही खुलला की तिला तिकडे बघवेना.

निलेशने पहिल्या यंत्राचं नाव एका झटक्यात पुसलं, मधल्याचं लिहिलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. तिला जिथे थांबून विचार करावा लागायचा तिथे तो थांबत नव्हता. दुसरं यंत्र उठलं, तिसरं उठलं. बाहेरच्या टेबलांवरचे संगणक एकेक करून जागे झाले. कुणीतरी टाळी वाजवली. सर निलेशच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि त्याच्याशीच बोलत होते, बाबांना आज संध्याकाळी घरी घेऊन ये, जेवायलाच या. निलेश हो म्हणाला.

दर्शनाने पर्स खांद्याला लावली. न बोलता जाणं तिला जमेना, म्हणून ती उगाच म्हणाली, "झालं ना सगळं?"

"झालं, मॅडम," निलेश पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुम्ही निघा."