तिसरी पौर्णिमा

रोपवेच्या खालच्या स्टेशनातल्या काचेच्या खोलीत बसून ती एकोणीस वर्षं ट्रॉली वर-खाली करत होती. समोर बटणं, वाऱ्याचा वेग दाखवणारा काटा आणि फोन, पाठ डोंगराकडे. सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ट्रॉलीत पाय ठेवायला जागा नसायची. वरच्या पठारावर एका बाजूला सूर्य बुडायचा आणि समोरच्या डोंगररांगेमागून चंद्र वर यायचा, असं ती ऐकून होती. तिच्या घराला मात्र हा डोंगरच आडवा. चंद्र यायचा तो तासाभराने, पांढराफटक आणि लहानसा होऊन.

एकदा एक म्हातारं जोडपं भांडतच खाली उतरलं.

"बाई, तुम्हीच निवाडा करा," आजी म्हणाल्या. "चंद्र वर येताना पिवळा असतो की तांबूस? मघापासून जुंपली आहे आमची. तुम्ही तर नेहमी बघता!"

"तांबूस," ती ठोकून मोकळी झाली.

"बघा! जाणत्या माणसाने सांगितलं," म्हणत आजोबा खुशीत निघून गेले. तिला मात्र तो शब्द रात्रभर खुपत राहिला.

पुढच्या पौर्णिमेला तिने रजा टाकली, तर बदली ऑपरेटर तापाने फणफणला. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला ती वर पोचली आणि ढग असे दाटले की शेजारचा माणूस दिसेना. तिसऱ्या पौर्णिमेला तिच्या नवऱ्याने सलून दुपारीच बंद केलं आणि दोघं स्टेशनात आले. वाऱ्याचा काटा लाल पट्ट्यात थरथरत होता. रोपवे बंद.

"चल घरी," नवरा म्हणाला. "चंद्र काय पळून जातोय?"

"तो नाही जात. मीच एकोणीस वर्षं पळतेय. मी पायऱ्यांनी जाते."

"अगं, बाराशे पायऱ्या आहेत!"

"चौदाशे. रोज मीच सांगते लोकांना."

"आणि माझे गुडघे?"

"त्यांना घरी ठेवा, तुम्ही चला."

हसू दाबत तो निघाला. पहिल्या तीनशे पायऱ्या गप्पांत सरल्या. मग गप्पा आटल्या, नुसते श्वास ऐकू येऊ लागले. वारा पदर ओढत होता. तिने तो कमरेला घट्ट खोचला. एरवी बसून काम करणारे पाय पोटऱ्यांतून पेटले. तिने मोजणं सोडलं आणि फक्त पुढची पायरी बघत राहिली. हजाराच्या आसपास नवरा कठड्याला टेकून मटकन बसला.

"तू हो पुढे. मी दम खाऊन येतो."

ती घुटमळली. ऊन पिवळं पडत चाललं होतं.

"जा म्हणतो ना! मी काय लहान आहे? वर जाऊन जागा धर माझी."

"इतक्या वाऱ्यात कोण येतंय जागा घ्यायला?" ती म्हणाली आणि निघाली. उरलेल्या पायऱ्या तिने कधी हात टेकत, कधी कठडा धरत ओढून काढल्या.

पठारावर चिटपाखरू नव्हतं. सूर्य नुकता टेकला होता. त्याच्याकडे पाठ करून ती समोरच्या रांगेवर नजर लावून उभी राहिली. आभाळ जांभळट झालं, डोळ्यांना पाणी आलं, चंद्राचा पत्ता नाही. आपण दिवस तर चुकलो नाही ना, असंही मनात आलं. पण ती हलली नाही.

मग दोन शिखरांमधल्या खाचेत एक तांबूस रेघ उमटली. बघता बघता रेघेची कोर झाली, कोरीचा अर्धा गोल. शिखरांपासून सुटला तेव्हा तो पिवळाधमक होता. आजी-आजोबा दोघंही बरोबर होते की! ती एकटीच मोठ्याने हसली. मागून धापा टाकत नवरा आला, तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.

"गुडघे काय म्हणतात?" तिने विचारलं.

"म्हणतात, आधी का नाही आणलंस?"

वारा पडला तशी चांदण्यात, एकमेकांना धरून दोघं सावकाश खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी लंगडतच ती मॅनेजरच्या टेबलापाशी गेली आणि एक कागद पुढे केला. खालच्या स्टेशनात चौघंजण. वर्षाच्या बारा पौर्णिमा. दर पौर्णिमेला एकाने संध्याकाळी वर जायचं, त्याचं काम बाकीच्यांनी उचलायचं.

"असं नियमात नाही, बाई."

"म्हणून तर लिहून आणलंय."

"कुणी आजारी पडलं तर?"

"माझी पाळी मी सोडेन. रद्द मात्र करायची नाही."

मॅनेजरने कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली.

पहिली पाळी मोटर सांभाळणाऱ्या मेकॅनिककाकांची लागली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तेही संध्याकाळी वर गेले नव्हते. ते ट्रॉलीत चढले तेव्हा तिने खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, लगेच दिसत नाही तो. हलू नका!"

मग तिने दार लागल्याची खात्री केली आणि बटण दाबलं.