मेंदीच्या आड

गिरीज गावातल्या एका वृद्धाश्रमात दर शनिवारी मेंदी लागायची. रविवार भेटीचा वार. घरची माणसं येणार, तेव्हा आज्यांचे हात रंगलेले दिसायलाच हवेत, हा मनालीचा नियम. मनाली तिथली आया. मागच्या वाडीच्या कुंपणावरची मेंदी ती स्वतः वाटायची आणि चौदाही आज्यांचे तळवे, नखं लालभडक करून सोडायची. "आमच्या बायका बघा, लग्नाला निघाल्यासारख्या," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. खोटं कशाला बोला, त्यात आज्यांपेक्षा स्वतःचंच कौतुक जास्त असायचं.

त्या चौदा जणींत भागूबाई कामण गावाकडच्या. जन्मभर भातशेती केलेली बाई, जिभेला विळ्याची धार. पण दिवाळीपासून ही बाई विझत चालली. आधी अंगणातली फेरी बंद झाली, मग जेवणाच्या टेबलापर्यंत येणं बंद झालं. दोन पावलं टाकली की धाप लागायची. शेवटी बोलणंही थांबलं; हाक मारली तरी नुसत्या बघत राहायच्या. सगळे म्हणाले, वय झालं, पिकलं पान. फार सोयीचं बोलणं आहे हे. एकदा ते बोललं की पुढे कुणाला काही शोधावं लागत नाही.

त्यांचा मुलगा भूपेश आला, तेव्हा व्यवस्थापकांनी पलंगापाशीच उभं राहून त्याला सांगितलं, "आई आता ओळखत नाही. पुढच्या सोमवारी वरच्या मजल्यावर हलवू." वरचा मजला अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथे गेलेलं माणूस आपल्या पायांनी जिना उतरून खाली आलेलं मनालीने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. भूपेशने मान खाली घालून हो म्हटलं.

नशीब असं, की त्याच आठवड्यात तपासणीला नवी डॉक्टर आली, उन्नती. आधीचे डॉक्टर हात बघून "रंग छान आहे" म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे. हिने भागूबाईंचा तळवा पाहिला, नखं पाहिली. हिरड्या पाहायला गेली, तर त्या मिश्रीने काळ्याकुट्ट.

"मेंदी कोण लावतं?"

"मीच," मनाली ऐटीत म्हणाली.

उन्नतीने अंगठ्याने भागूबाईंची खालची पापणी हळूच खाली ओढली. "ताई, हे बघा. आणि मग आरशात स्वतःची बघा."

मनालीने पाहिलं. तिची स्वतःची पापणी आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी होती. भागूबाईंची ओल्या खोबऱ्यासारखी.

"अंगात रक्तच नाहीये," उन्नती म्हणाली. "नुसत्या वयाने माणूस इतकं पांढरं पडत नाही. रक्त कुठेतरी जातंय. मला सोमवारपर्यंत थांबायचं नाही."

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन बारा हवं, तिथे साडेपाच. मग चौकशी झाली. गुडघे दुखतात म्हणून भूपेश दर महिन्याला मेडिकलमधून गोळ्या आणायचा, आणि भागूबाई त्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. संडासला डांबरासारखं काळं होत होतं, म्हणजे पोटातलं रक्तच जात होतं, पण लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि जे हातांवर दिसलं असतं, ते मनालीने दर शनिवारी मायेने रंगवून झाकलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, म्हणून ती मोरीत जाऊन रडली.

हॉस्पिटलात रक्ताची पिशवी चढली. म्हातारं हृदय, म्हणून अगदी सावकाश, एकच पिशवी. मनाली चार तास शेजारी बसून होती. कुणीतरी अनोळखी माणूस हे रक्त देऊन, बिस्कीट खाऊन आपल्या कामाला निघून गेला असेल. भागूबाईंचं नावही त्याला ठाऊक नाही. आणि इथे थेंब थेंब करत तो या बाईला जगात परत आणत होता. मनालीने घरात दोन बाळं जन्मलेली पाहिली होती. तेव्हा वाटलं नव्हतं एवढं नवल तिला आज वाटलं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर गोळ्यांनी पडलेली जखम सापडली. त्या गोळ्या बंद झाल्या, जखमेचं औषध सुरू झालं, शिरेतून लोह दिलं. महिन्याभराने भागूबाई काठी टेकत टेबलापर्यंत आल्या आणि डाळ पातळ झाली म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर मनालीला झापलं. मनालीला इतका आनंद कुणी शाबासकी देऊनही झाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांची वेणी घालत होती, तेव्हा भागूबाई सहज म्हणाल्या, "मना सगला आयकू येत व्हता गो."

"काय ऐकू येत होतं?"

"तुमी बोलाचे त्यो. वर न्याचा बोलले, त्यो पन. मना नको बोलाचा व्हता. पन बोलाला दमच नव्हता."

मनालीचा हात थांबला. दोन-तीन महिने हे माणूस आत जागं होतं, आणि आपण सगळे त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्या जाण्याची बोलणी करत होतो.

भागूबाईंनी शेजारच्या पलंगाकडे मान वळवली. तिथे अँजेलिना आजी महिन्याभरापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. त्यांना भरवलं जायचं, पुसलं जायचं, पण त्यांच्याशी बोलायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

"हिच्याशी पन बोल," भागूबाई म्हणाल्या. "हिला पन आयकू येत आसंल."

मनाली उठली. आधी तिने खिडकीचा पडदा सारला आणि अँजेलिना आजींची खालची पापणी उजेडात नीट पाहिली. मग पलंगाच्या कडेवर टेकून, आज केळफुलाची भाजी केलीय, असं त्यांना सांगू लागली. कोवळं केळफूल मिळालंय, काल तुमच्या चर्चची घंटा वाजत होती, असं सुचेल ते ती बोलत राहिली. बऱ्याच वेळाने अँजेलिना आजींनी भिंतीकडचं तोंड हळूहळू तिच्याकडे वळवलं.