पाच कडव्यांचा फेस

मित्रांनो, मला जरा हलवून बघा. काही आवाज येतो का? नाही ना? मी रिकामी आहे. पण एकेकाळी माझ्या पोटात गुलाबी औषध होतं आणि या घरात माझा रुबाब होता. मी कोंड्याच्या औषधी शाम्पूची बाटली. जाहिरातीतल्या शाम्पूंसारखा मला मोगऱ्याचा वास नाही आणि माझ्या अंगावर केस उडवणाऱ्या बाईचं चित्रही नाही. मला दवाखान्याचा वास येतो आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका यंत्राने मला भरलं, दुसऱ्याने झाकण फिरवलं आणि टेम्पोतून हादरे खात मी श्रीरामपूरच्या रंगनाथ मेडिकलवाल्यांच्या फळीवर येऊन बसले. डावीकडे खोकल्याचं एक चिकट औषध होतं. उजवीकडे माझी बहीण होती. आम्ही दोघी एकाच खोक्यातल्या, त्यामुळे एकमेकींना टेकून बसायचो आणि रस्त्यावरची गंमत बघायचो. आपण एकाच घरी जाऊ, असं आम्हाला उगीचच वाटायचं.

एके दिवशी शेजारच्या कातडीच्या डॉक्टरांकडून एक उंच तरुण जवळजवळ पळतच दुकानात आला. त्याने काउंटरवर चिठ्ठी टाकली आणि तो वजनाच्या यंत्राआड अंग चोरून उभा राहिला.

"कसं वापरायचं ठाऊक हाय ना?" रंगनाथने मला फळीवरून काढत विचारलं.

"हाय, हाय! दोनदा लावायचं. लवकर द्या हो!"

"दोनदा म्हंजे..." रंगनाथ सांगू लागला, पण गिऱ्हाईक मला घेऊन पायऱ्या उतरलंसुद्धा. पिशवीतून मी मागे पाहिलं. जांभळी पर्स घेतलेली एक ठसठशीत मावशी काउंटरशी आली होती आणि रंगनाथचा हात माझ्या बहिणीकडे चालला होता. आम्हाला निरोपही घेता आला नाही. त्या दिवशी पिशवीत मी फार हिरमुसले होते.

त्या तरुणाचं नाव जोशुआ. बेलापूरला त्याचं दुकान होतं. विहिरीवर पाणी उपसणाऱ्या जळालेल्या मोटारी तो नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. त्याचे वडील योसेफ साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आई मरिया शाळेत शिक्षिका. आणि जोशुआचं लग्न ठरलं होतं! मुलगी पुणतांब्याची, नॅन्सी नावाची. शिर्डीच्या एका हॉटेलात काउंटरवर कामाला होती. हे सगळं मला बाथरूमच्या खिडकीत बसल्या बसल्या कळलं, कारण त्या घरात मोबाईलला रेंज यायची ती नेमकी खिडकीमागच्या अंगणात. जो तो माझ्या कानाशी येऊन बोलायचा.

त्याच अंगणातल्या तारेवर योसेफ दर शनिवारी एक काळा कोट उन्हात टाकायचे. तो त्यांच्या स्वतःच्या लग्नातला. इतकी वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपलेला, आणि आता शिंप्याकडून जोशुआच्या मापाचा करून आणलेला. "माझा पोरगा ह्योच घालून वेदीपुढं उभा राहनार," ते येईल त्याला सांगायचे. कोटावर एक धागा जरी दिसला तरी चिमटीत धरून काढायचे.

आता काळा कोट आणि डोक्यात कोंडा म्हणजे काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

जोशुआने पहिल्याच दिवशी मला सकाळी वापरलं आणि संध्याकाळी पुन्हा वापरलं. मला वाटलं, नवी नवलाई असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यात घाई अशी की फेस झाला की लगेच बादलीभर पाणी! माझं औषध बुरशीशी दोन हात करायला कंबर कसून उभं राहायचं आणि तोवर गटारीत पोचलेलं असायचं. मी ओरडून सांगितलं, "अरे बाबा, मी रोजचा शाम्पू नाही!" पण बाटलीचं कोण ऐकतं?

आठवड्यात त्याची टाळू कोरडी ठणठणीत झाली. आग व्हायला लागली, खाज वाढली, पापुद्रे सुटायला लागले. योसेफ म्हणाले, "लिंबू चोळ." त्याने तेही चोळलं आणि अंगणात नाचला.

मग त्या शनिवारी योसेफनी हौसेने त्याला कोट घालून पाहायला लावला. कोट अंगाला छान बसला होता. पण जोशुआने मान हलवली आणि दोन्ही खांद्यांवर पांढरा सडा पडला. त्याने कोट काढलाच.

"पप्पा, ह्यो कोट न्हाई घालायचा मला. पांढरा आनतो भाड्यानं."

योसेफनी कोटाच्या खांद्यांवरून हात फिरवला, कोट झटकला, घडी केली आणि आत नेला. त्या दिवसापासून ते जोशुआशी कामापुरतंच बोलायला लागले. तार रिकामी बघून मला खरंच वाईट वाटलं. जोशुआला कोट आवडत होता हो, त्याला फक्त लाज वाटत होती.

नॅन्सीशी बोलतानाही तेच. व्हिडिओ कॉल आला की हा भर उन्हाळ्यात टोपी घालायचा. तीही कायम डोक्याला स्कार्फ गुंडाळून असायची. जोशुआला वाटायचं, लाजते बिचारी.

"रविवारी शिर्डीला येता का? कपड्यांचं बघू," ती एकदा म्हणाली.

"रविवारी? न्हाई जमनार. लई मोटारी आल्यात."

"मागल्या वेळी पन मोटारीच होत्या." तिने स्कार्फ पुढे ओढला. "तुमाला हे लग्न करायचंय ना? मनापासून सांगा."

जोशुआ त-त-प-प करू लागला. "न्हाई, म्हंजे व्हय... तसं न्हाई..." तेवढ्यात रेंज गेली. तो तडक बाथरूममध्ये आला, दार लावलं आणि मला तळहातावर उपडी केलं. त्या दिवसातली ती तिसरी आंघोळ होती.

दारावर थाप पडली. "जोशुआ! अरे, आज कितीदा डोकं धुनार हाईस?" मरिया होती. दार उघडल्यावर तिने लेकाचं लाललाल डोकं पाहिलं, मग मला उजेडात धरलं. मी इतक्या दिवसांतच अर्धी झाले होते. "हे औषध हाय रे बाळा! पानी हाय का भसाभसा ओतायला?" तिने मला पर्समध्ये टाकलं, जोशुआचा दंड धरला आणि आम्हा दोघांना श्रीरामपूरला डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं.

डॉक्टर भला माणूस होता. जोशुआचं डोकं बघून त्याने कपाळावर हात मारला. "मी दोनदा म्हणालो होतो ते आठवड्यातून दोनदा! असं फक्त महिनाभर. मग आराम पडला की आठवड्यातून एकदा, नंतर पंधरा दिवसांतून एकदा, म्हणजे कोंडा परत येत नाही. मधल्या दिवशी डोकं धुवायचं तर साधा सौम्य शाम्पू वापरा. आणि हे केसांना नाही, टाळूला लावायचं. पाच मिनिटं ठेवायचं, मगच धुवायचं. आग होतेय ती थांबेपर्यंत काहीच लावू नका, पुढच्या आठवड्यात सुरू करा. हे सगळं मी सांगितलं होतं. तुमचं लक्ष सारखं दाराकडे होतं."

जोशुआ खाली बघत म्हणाला, "बाहेर नॅन्सीची छबूमावशी बसली हुती, डॉक्टर. तिनं बघितलं असतं तर पुनतांब्यात बोभाटा झाला असता."

"छबूमावशी? गुडघे दुखतात म्हनून आली असंल," मरिया म्हणाली.

"मम्मी, कातडीच्या डॉक्टरकडं?"

डॉक्टर नुसताच हसला. एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. मला मात्र दुकानातली ती जांभळी पर्सवाली मावशी आठवली आणि मी विचारात पडले.

घरी आल्यावर जोशुआने आधी नॅन्सीला फोन लावला. "मनापासून करायचंय," तो म्हणाला. "फकस्त भेटायला जरा थांब. रागवू नको."

"न्हाई रागवत," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मलाबी जरा थांबायचंच हुतं."

मग माझे सोन्याचे दिवस आले. वार ठरले, रविवारी चर्चला जाण्याआधी आणि बुधवारी प्रार्थना सभेच्या आधी. राहिला प्रश्न पाच मिनिटांचा. डोळे मिटून फेस घेऊन उभ्या माणसाने घड्याळ कसं बघायचं? मरियाने तोडगा काढला. तिला पाच कडव्यांचं एक गीत यायचं. ते ध्रुपदासकट म्हटलं की बरोब्बर पाच मिनिटं होतात. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता गायची, जोशुआ आत फेसाखाली उभा असायचा आणि शेवटच्या ओळीला पाण्याचा पहिला तांब्या पडायचा. कधी पोळी करपायला आली की ती घाई करायची. मग आतून आरडाओरडा, "मम्मी, कडवं गाळू नको!" मी खिडकीत हसून हसून लोळायची बाकी राहायचे.

एका बुधवारी मात्र मरियाला शाळेतून यायला उशीर झाला. जोशुआने सवयीने फेस केला, डोळे मिटले आणि मग त्याला आठवलं की घरात गाणारं कुणी नाही. म्हणजे होते, पण योसेफ होते. अंगणात खाटेवर बसलेले.

"पप्पा," त्याने हळूच हाक मारली. "म्हना की."

अंगणात खाट करकरली. मग खोकल्याचा आवाज आला आणि मागोमाग योसेफचा भसाडा सूर. मित्रांनो, त्यांना सूर नव्हता आणि तालही नव्हता. प्रत्येक ध्रुपद ते मनासारखं होईपर्यंत घोळवत होते. पाच मिनिटांची दहा मिनिटं झाली. पण जोशुआने पाण्याला हात लावला नाही. शेवटचं कडवं संपल्यावरच त्याने डोकं धुतलं, बाहेर गेला आणि म्हणाला, "पप्पा, कोट काढा. उन्हात टाकू." मला इतका आनंद झाला की माझं झाकण सैल झालं असतं तरी मला कळलं नसतं.

लग्नाला मी नव्हते. बाटलीला आमंत्रण कोण देतं? पण चर्चला निघायच्या आधी जोशुआ खिडकीतल्या छोट्या आरशात बघायला आला तेव्हा मी त्याचे खांदे नीट पाहिले. काळे कुळकुळीत, एक कण नाही. दारात योसेफ उभे होते. त्यांनी सवयीने खांदा झटकायला हात उचलला, झटकण्यासारखं काही सापडेना, म्हणून मग तो हात तसाच लेकाच्या खांद्यावर ठेवून दिला.

दोन दिवसांनी नॅन्सी तिच्या वस्तू ठेवायला बाथरूममध्ये आली. तिने एक छोटी पिशवी उघडली, आत हात घातला, इतक्यात तिची नजर माझ्यावर पडली आणि ती मोठ्याने हसत सुटली. काही पडलं की काय म्हणून जोशुआ धावत आला. नॅन्सीच्या एका हातात मी होते आणि दुसऱ्या हातात, मित्रांनो, माझी बहीण होती!

"छबूमावशी माझ्यासाठी आली हुती," नॅन्सी हसू आवरत म्हणाली. "हॉटेलचा कोट गडद निळा, सगळं दिसायचं. मला तपासून झालं हुतं, मावशी चिठ्ठीसाठी बसली. मी बाहेर आले तर तुमी दवाखान्यात शिरताना दिसला, मग मी समोरच्या रसवंतीत लपले. तुमी जाईपर्यंत रस पिऊन पिऊन पोट फुगलं माझं."

"आन तो स्कार्फ?"

"आन तुमची टोपी?"

माझ्या बहिणीकडे बघून मला मात्र नवल वाटलं. ती जवळजवळ भरलेलीच होती. नॅन्सीची चूक जोशुआच्या उलटी. तिने आठवडाभरात बरं वाटलं म्हणून औषध ठेवून दिलं आणि कोंडा परत आला. "लग्नात डोक्यावरच्या जाळीच्या पांढऱ्या वेलखाली इतकं खाजवत हुतं! पर पांढऱ्यावर पांढरं कुनाला दिसतंय?" ती म्हणाली. एक बिचारी भसाभस ओतली गेली आणि दुसरी नुसतीच बसून राहिली, म्हणून आम्ही दोघींनी एकमेकींची समजूत काढली.

आता माझं औषध संपलंय. मरिया मला भंगारात टाकायला निघाली होती, पण नॅन्सीने टाकू दिलं नाही. मी बहिणीला टेकून बसते आणि रिकामी असले तरी मजेत असते. तुम्हाला एकच सांगते. औषध कधी, किती आणि किती वेळ लावायचं, ते नीट ऐकून घ्या. नाही कळलं तर परत विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि कोंडा झाला तर लपू नका हो. टोपीखाली आणि स्कार्फखाली या दोघांनी कितीतरी गप्पा वाया घालवल्या.

बरं, आता मला थांबायला हवं. आज बुधवार. बहिणीचं झाकण उघडलंय, नॅन्सी आत फेसाखाली डोळे मिटून उभी आहे आणि बाहेर अंगणात जोशुआ आणि योसेफ मिळून गातायत. दोघांचाही सूर सारखाच भसाडा.

"अहो, तिसरं कडवं ऱ्हायलं!" नॅन्सी आतून ओरडली.

"ऱ्हायलं न्हाई," बाहेरून उत्तर आलं. "पप्पा म्हनत्यात, पहिल्यापासून घेऊ."