काडेपेटीतले किडे

भागूबाईने काडेपेटी डॉक्टरांपुढे ठेवली. "बघा, कातडीखालून एकेक काढलाय."

डॉक्टरांनी उघडली. आत कोळंबीसारखा पण बारीक, सुका जवळा, टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या डोळ्यांचा.

मिरकरवाड्याच्या बंदरावर चाळीस वर्षं तिने जवळा निवडला होता. आता तोच तिला दंडावर, मानेवर, पापणीवर चालताना दिसत होता.

"वयाने बुद्धी चळलीय," डॉक्टर तिच्या सुनेला, राहीला म्हणाले. "किडे नाहीत म्हणून वाद घालू नका. खाजवू मात्र देऊ नका."

राहीने मान हलवली.

लग्नाच्या वर्षी राहीच्या हाताला चार पुळ्या आल्या होत्या. हिची खरूज बघून मासळीला गिऱ्हाईक येत नाही, असं ओरडत भागूबाईने तिला भर धक्क्यावर, साऱ्या कोळणींदेखत, काथ्याने आणि खाऱ्या पाण्याने घासलं होतं. सोळा वर्षं झाली. पुळ्या गेल्या, तो धक्का गेला नाही. त्याची परतफेड करायची, एवढंच राहीला हवं होतं.

नवरा खंडू ट्रॉलरवर गेलेला. मागीलदारी भागूबाई दंड पुढे करून बसली.

"गो बाय, तू कोणाची? काथ्याने घास मला. खाऱ्या पाण्याने मरतील मेले."

राहीने बादली भरली. तिसऱ्यांदा घासताना रक्त आलं. ती किंकाळीची वाट बघत थांबली.

"जोरात गो! हातात जीव नाय तुझ्या? देव तुझं भलं करो."

राहीने दात-ओठ खात पुन्हा घासलं.

"सुनेला मी अशीच घासलेली," म्हातारी सुखाने बोलू लागली. "एक टिपूस नाय काढलान तिने. रडली असती तर सोडली असती."

"खरूज होती तिला?"

"कसली खरूज! मासळी शिळी होती त्या दिवसाची. कुणावर तरी घालायला पायजे ना?"

राहीने काथ्या टाकला. बादली अळवात उपडी केली.

"हायत अजून! घास ना!"

"हायत," राही म्हणाली. "मलाही दिसतायत. हा बघा, मानेवर चढला."

तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि म्हातारीचे दोन्ही हात मनगटापर्यंत गुंडाळले, खाजवता येऊ नये म्हणून. डॉक्टरांचंच सांगणं. गाठ मात्र जाळ्याची मारली, ओढली की आवळणारी.

"आता रडा जरा, आई. रडलात की सोडते."

भागूबाईने ओठ घट्ट मिटले. राही समोर पाट घेऊन बसली.